हायब्रिड गाडीचा एसी कमी थंड करतोय: गॅस घरी भरावा की वर्कशॉपमध्ये?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी पूर्ण हायब्रिड (थोडं अंतर नुसत्या विजेवरही धावणारी), आठ वर्षं जुनी. एसी चालू होतो, पण भर उन्हात गाडी गार व्हायला फार वेळ लागतो. हायवेला बरं वाटतं, सिग्नलला थांबलं की झोत कोमट होतो. आर-१३४ए गॅसचा ३४० ग्रॅमचा कॅन आणि गेज लावलेली नळी बाजारात मिळते. ती लो साइडला (एसीच्या कमी दाबाच्या बाजूला) लावून घरीच गॅस भरला तर चालेल का, की वर्कशॉपलाच द्यावी?

आधी सरळ उत्तर: तो कॅन लावू नका. अडचण गॅसची नाही, गॅसबरोबर आत जाणाऱ्या तेलाची आहे. शिवाय तुम्ही जी लक्षणं सांगितली आहेत, त्यावरून गॅस कमी झाला आहे असं अजून सिद्धही होत नाही. दोन्ही गोष्टी नीट उलगडून सांगतो.

साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो आणि त्यात पीएजी नावाचं तेल असतं. बहुतेक पूर्ण हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो. त्याची मोटर वेगळी बाहेर नसते, कॉम्प्रेसरच्या बंद कवचात आतच असते. तिच्या तांब्याच्या गुंडाळ्यांवरून थंड गॅस आणि तेल सतत वाहत असतं, त्यानेच ती गारही राहते. या मोटरला हायब्रिड बॅटरीची उच्च दाबाची वीज मिळते. दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसची बॅटरीच २०१.६ व्होल्टची आहे. म्हणजे हे तेल वंगणाचं काम करतं तसंच विजेला अडवण्याचंही करतं. त्यासाठी त्यात बहुधा पीओई जातीचं तेल असतं. डेन्सो कंपनीच्या कॉम्प्रेसरमध्ये त्याचं नाव एनडी-११. पीएजी तेल ओलावा धरतं आणि वीज पुरेशी अडवत नाही. ते अगदी थोडं मिसळलं, एकूण तेलाच्या शंभरात एखादा भाग, तरी इन्सुलेशन उतरायला लागतं.

मग काय होतं? मोटरच्या गुंडाळ्यांतून गाडीच्या बॉडीकडे बारीकशी वीज झिरपते. हायब्रिडचा कंट्रोलर यावर कायम लक्ष ठेवून असतो. तो पी०एए६ हा बिघाडाचा कोड टाकतो आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. काही गाड्या त्यानंतर 'रेडी' मध्ये (चालायला तयार स्थितीत) येतच नाहीत, म्हणजे एसीच्या कॅनपायी गाडी जागेवर उभी राहते. टोयोटात याच कोडला जोडून उपकोड येतो. ६११ आला तर झिरप एसी कॉम्प्रेसर किंवा त्याच्या इन्व्हर्टरच्या (त्याच्या मोटरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) बाजूला आहे, ६१२ आला तर बॅटरीच्या बाजूला. पीएजी एकदा सगळीकडे पसरलं की तेल बदलून भागत नाही. ते कंडेन्सरमध्ये (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा, रेडिएटरपुढचा भाग), कूलिंग कॉइलमध्ये (केबिनची हवा गार करणारा भाग), पाइपांच्या आतल्या भिंतींवर चिकटलेलं असतं. कॉम्प्रेसर नवा, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) नवा, बाकीचं फ्लश करायचं किंवा बदलायचं, इतकं मोठं काम निघतं.

बाजारातल्या बऱ्याच कॅनमध्ये गॅसबरोबर पीएजी तेल, लिकेज बंद करणारं औषध किंवा रंग मिसळलेला असतो. आणि कॅन शुद्ध असला तरी नळी कुठली? तीच नळी आधी साध्या गाडीला लावली असेल तर तिच्या आत पीएजीचा थर असतोच. म्हणून हायब्रिडसाठी नळ्या आणि गेज वेगळे, फक्त त्याच कामाचे ठेवायचे.

मात्र प्रत्येक हायब्रिडला हा नियम लागू नाही. बॉनेट उघडून कॉम्प्रेसर शोधा. त्याला बेल्ट असेल आणि नारिंगी केबल नसेल तर तो साधा कॉम्प्रेसर आहे आणि त्यात पीएजीच चालतं. माइल्ड हायब्रिड (ज्यांत मोटर इंजिनला फक्त मदत करते) बहुतेक अशाच असतात, पहिल्या पिढीची प्रियसही बेल्टचीच होती. नारिंगी केबल कॉम्प्रेसरपर्यंत जात असेल तर वरचं सगळं लागू. २००६ च्या होंडा सिव्हिक हायब्रिडमध्ये तर एकाच कॉम्प्रेसरला बेल्टही होता आणि आत विजेची मोटरही. तेलाचं नेमकं नाव आणि गॅसचं वजन बॉनेटखालच्या किंवा कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. काही कंपन्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरसाठी वेगळं, खास तेल वापरतात, त्यामुळे 'हायब्रिड म्हणजे एनडी-११' असं डोळे झाकून धरू नका. स्टिकर वाचा.

आता तुमच्या लक्षणाकडे येतो, कारण त्यात बरंच काही दडलेलं आहे. 'हायवेला बरं, सिग्नलला कोमट' ही तक्रार बेल्टच्या गाडीत असेल तर एक कारण लगेच सुचतं: थांबल्यावर इंजिनचे फेरे कमी, म्हणून कॉम्प्रेसरही हळू. तुमच्या गाडीत ते कारण चालत नाही. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरचा वेग इंजिनवर अवलंबून नसतो, इंजिन बंद असतानाही तो पूर्ण वेगाने फिरू शकतो. मग थांबल्यावर बदलतं काय? कंडेन्सरवरून जाणारा वारा. गाडी पळत असताना तो आपोआप मिळतो, थांबल्यावर फक्त पंख्याचा. त्यामुळे पहिला संशय पंखा आणि कंडेन्सर. गॅस त्यानंतर.

पुढची जाळी काढून टॉर्चच्या उजेडात कंडेन्सर बघा. बाहेरून तो स्वच्छ दिसतो आणि फसवतो. खरा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचतो: किडे, झाडाचा चीक, धूळ, सुकलेली पानं यांचा नमद्यासारखा थर. आतल्या बाजूने, म्हणजे पंख्याकडून पुढे, नळाच्या साध्या दाबाने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पातळ पत्र्या आडव्या होतात आणि तो भाग कायमचा निकामी होतो. पंखा बघताना एसी 'लो' वर ठेवून गाडी 'रेडी' मध्ये ठेवा. पंखे थोड्या वेळात फिरायला हवेत. दोन असतील तर दोन्ही. या वेळी हात, बाही, ओढणी आत नको. गाडी शांत आहे म्हणून बंद आहे असं समजू नका, इंजिन केव्हाही स्वतःहून सुरू होतं.

केबिन फिल्टर काढून उजेडासमोर धरा. प्रकाश पलीकडे दिसत नसेल तर नवा घाला, अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. 'इको' मोड बंद करून पुन्हा चालवून बघा, त्यात कॉम्प्रेसरची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते. आणि गाडी प्लग-इन असेल तर हेही ध्यानात घ्या की अशा कित्येक गाड्यांत हाच गॅस बॅटरीलाही थंड करतो. बॅटरी तापली असली की थोडा वेळ केबिनच्या वाट्याला थंडावा कमी येणं हा बिघाड नाही.

मग मोजा. सावलीत गाडी, दारं-काचा बंद, तापमान 'लो', हवा आतलीच फिरती, ब्लोअर मध्यम. मधल्या झोतात साधा थर्मामीटर खोचा आणि १० मिनिटं थांबा. निरोगी एसीत कूलिंग कॉइल ३-४ अंशांपर्यंत खाली येते, आणि झोताचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशांनी खाली असायला हवं. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं उपकरण) कॉइलचं तापमान आणि कॉम्प्रेसरचे फेरे दिसत असतील तर फारच उत्तम. कॉइल ४ अंशांवर आहे आणि झोत मात्र १८ अंशांचा येतोय, असं दिसलं तर गॅस ठीक आहे. गरम-थंड हवा मिसळणारा फ्लॅप अडकलाय. तिथे कितीही गॅस भरला तरी फरक पडणार नाही.

गेजबद्दल दोन शब्द, कारण घरी गॅस भरणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात. एसी बंद असताना दिसणारा दाब गॅस किती आहे हे सांगत नाही. आत द्रवरूप गॅसचे चार थेंब शिल्लक असले तरी दाब तापमानावरूनच ठरतो. आर-१३४ए साठी २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय (दाबाचं एकक), ३५ अंशांना सुमारे ११४. भरलेल्या सिस्टिममध्येही तेवढाच, अर्धी रिकामी असली तरी तेवढाच. दाब याहून बराच कमी असेल तेव्हा मात्र सिस्टिम जवळजवळ रिकामी आहे एवढं नक्की कळतं.

एसी चालू असतानाचा लो साइडचा दाबही हायब्रिडमध्ये दिशाभूल करतो. कॅनच्या नळीवरचे हिरवे-पिवळे पट्टे बेल्टच्या कॉम्प्रेसरसाठी आखलेले असतात. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर कॉइलचं तापमान बघून स्वतःचा वेग बदलतो. गॅस थोडा कमी झाला की तो जास्त वेगाने फिरतो आणि लो साइडचा दाब पुन्हा 'बरोबर' जागी आणून ठेवतो. काटा हिरव्यात आणि गॅस ६०-७० ग्रॅमने कमी, असं सहज होऊ शकतं. उलट, वेग मंदावला म्हणून दाब वर गेला तर काटा 'जास्त' दाखवतो. काही गाड्यांत काचेची खिडकी असते, तिच्यातले बुडबुडे बघून भरण्याची जुनी सवयही इथे चालत नाही. सबकूल प्रकारच्या (द्रव झालेल्या गॅसला आणखी गार करणाऱ्या) कंडेन्सरमध्ये गॅस पुरेसा होण्याआधीच बुडबुडे नाहीसे होतात.

म्हणून वजन हेच खरं माप. उदाहरण म्हणून दुसऱ्या पिढीची प्रियस घ्या: पूर्ण गॅस ४५० ग्रॅम, ३० ग्रॅम इकडेतिकडे. ३४० ग्रॅमचा कॅन म्हणजे तिच्या एकूण गॅसचा तीन चतुर्थांश. गॅस ६० ग्रॅमने कमी असताना अख्खा कॅन ओतला तर २८० ग्रॅम जास्त होतो. जास्तीचा गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन साचतो, वाफ थंड व्हायला जागा उरत नाही, हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) दाब चढतो. कंट्रोलर कॉम्प्रेसरला वाचवायला वेग उतरवतो. परिणाम काय, तर भरण्याआधी होतं त्याहून कमी थंड! कमी गॅसही तितकाच वाईट. मोटर गॅसनेच गार राहते आणि तेलही गॅसच परत आणतो, त्यामुळे गॅस कमी असताना कॉम्प्रेसर महिनोन् महिने तापत राहतो.

माझं मत असं की ज्या हायब्रिडमध्ये अजून थोडा तरी गॅस आहे, तिच्यासाठी वर्कशॉपचं मशीनच योग्य. ते आतला सगळा गॅस काढून मोजतं, आणि 'किती निघाला' हा आकडाच खरं निदान आहे. स्टिकरवर ४५० आणि निघाला ४३०, तर गॅस दोषी नाही, दुसरीकडे शोधा. ३७० निघाला, गाडी आठ वर्षांची, मागे कधी भरला नव्हता, तर सांध्यांतून हळूहळू झिरपलाय. पूर्ण भरा आणि निर्धास्त वापरा. १५०-२०० च निघाला तर लिकेज आहे. ते न शोधता भरणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं. तुलनेसाठी सांगतो, युरोपच्या नियमात एक कॉइल असलेल्या एसीतून वर्षाला जास्तीत जास्त ४० ग्रॅम गळती चालते.

वर्कशॉप निवडताना मशीनच्या रंगावर जाऊ नका, प्रश्न विचारा. हायब्रिडसाठी तुम्ही तेल आपोआप सोडण्याची सोय बंद ठेवता का? मशीनच्या नळ्यांमधलं आधीच्या गाडीचं तेल फ्लश करता का? आर-१३४ए च्या मशीनसाठी जे-२७८८ हे मानक आहे, त्यात भरताना वजनातली चूक १५ ग्रॅमच्या आत असावी लागते. हायब्रिडसाठी त्याचीच जे-२७८८एच ही पुरवणी आहे. गॅस काढण्याआधी १० मिनिटं एसी चालवायला सांगा, म्हणजे तेलात मुरलेला गॅसही बाहेर येतो. आणि बिलावर हे आकडे लिहून घ्या: किती ग्रॅम निघाला, किती भरला, तेल किती मिली निघालं आणि कोणतं किती घातलं. 'गॅस टॉप-अप केला' एवढंच लिहिणाऱ्याकडे हायब्रिड देऊ नये. अशा ठिकाणी दरवर्षी जावं लागतं.

नवीन गाडीत आर-१२३४वायएफ असेल तर घरचा विचारच सोडा. हा गॅस थोडा ज्वलनशील आहे, त्याचे कपलर (नळी जोडायचे सांधे) वेगळे आहेत, आणि त्याच्या सिस्टिममध्ये अडॅप्टर लावून आर-१३४ए घालणं साफ चूक. युरोपात १ जानेवारी २०१७ पासून नव्या कारमध्ये आर-१३४ए बंद झाला, कारण हवेत सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता धरतो. याच कारणाने अनेक देशांत तो मुद्दाम हवेत सोडणं बेकायदा आहे.

घरी काम करण्यात अर्थ आहे तो एकाच वेळी: सिस्टिम रिकामी झाली आहे, लिकेज सापडून दुरुस्त झालं आहे आणि तुमच्याकडे स्वच्छ मॅनिफोल्ड (दोन्ही बाजूंना लावायचा गेज-नळ्यांचा संच), व्हॅक्यूम पंप, मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम किती खोल आहे ते मोजणारा) आणि एक-दोन ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा आहे.

लिकेज शोधताना लक्षात ठेवा की इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरला बाहेर आलेला शाफ्ट नसतो, म्हणून बेल्टच्या कॉम्प्रेसरची नेहमीची गळकी सील इथे नसतेच. संशय घ्या तो कंडेन्सरच्या खालच्या भागावर, जिथे खडे लागतात. मग पाइपांच्या सांध्यांवर, आणि गॅस भरायच्या दोन नोजलांच्या आतल्या पिनांवर. नोजलचं टोपण काढा, आत साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि मिनिटभर नुसतं बघत राहा. पिन गळत असेल तर थेंबावर मोहरीएवढा बुडबुडा उगवतो, हळूहळू फुगतो, फुटतो, पुन्हा उगवतो. पिन दोन मिनिटांत बदलता येते, फक्त सिस्टिम रिकामी असताना. टोपणाच्या आत रबरी कडी शाबूत आहे ना तेही बघा. ते टोपण धुळीसाठी नाही, ती दुसरी सील आहे. सांध्यावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर तिथली ओ-रिंग बदला. नवी ओ-रिंग बसवताना तिला जे तेल लावाल तेही एनडी-११ किंवा स्टिकरवरचंच हवं. सवयीने पीएजीच्या बाटलीत बोट बुडवलं की आतापर्यंतची सगळी काळजी वाया गेली. रंग टाकून शोधायचं असेल तर तो पीओईमध्ये मिसळलेला, हायब्रिडसाठी मान्य असलेलाच घ्या. लिकेज बंद करणारं औषध कुठल्याही परिस्थितीत नको. ते ओलावा मिळाला की घट्ट होतं आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारं बारीक तोंड) तुंबवतं, मशीनवाले मग गाडी हातात घेत नाहीत. दाब देऊन तपासायचं तर कोरडा नायट्रोजन वापरा. एअर कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात ओलावा असतो आणि दाबाखाली आर-१३४ए आणि हवा यांचं मिश्रण पेटू शकतं.

पीओई तेलही ओलावा भराभर शोषतं आणि ओलाव्याने त्याचं आम्ल होतं. म्हणून तेलाची बाटली सीलबंद आणि छोटी घ्या, अर्धी उरलेली ठेवून देऊ नका. सिस्टिम काही दिवस उघडी राहिली असेल तर ड्रायर बदला. कंडेन्सर बदलला तर त्यात अडकून गेलेल्या तेलाची भरपाई करावी लागते, साधारण ३० ते ४० मिली. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, किमान अर्धा-पाऊण तास. मग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून १५-२० मिनिटं बघा. आकडा चढून एका जागी थांबला तर ओलावा शिल्लक आहे, चढतच राहिला तर लिकेज. ज्या गाडीत बॅटरीसाठी वेगळी शाखा आहे तिथे स्कॅनरने सर्व्हिस मोड लावून त्या शाखेचा व्हॉल्व्ह उघडावा लागतो, नाहीतर तेवढा भाग व्हॅक्यूमशिवाय राहतो.

भरताना सिलिंडर काट्यावर ठेवा आणि आकडा शून्य करा. नळीतली हवा गॅसच्या बारीक झुळकेने बाहेर काढा. गाडी बंद असताना हाय साइडने द्रव गॅस सोडता येतो, व्हॅक्यूमच तो ओढून घेतो. वेग मंदावला की हाय साइड बंद करा आणि ती पुन्हा उघडू नका. चालू सिस्टिमच्या हाय साइडचा दाब कॅनमध्ये शिरला तर कॅन फुटतो. राहिलेला गॅस एसी चालू करून लो साइडने, सिलिंडर उभा ठेवून, वाफेच्या रूपात. द्रव गेला तर स्क्रोल कॉम्प्रेसर मार खातो. आर-१३४ए मध्ये लो साइडचं नोजल १३ मिमीचं आणि हाय साइडचं १६ मिमीचं असतं, त्यामुळे अदलाबदल सहसा होत नाही. नळीत उरलेल्या गॅसचा हिशेब धरा. लांब नळीत द्रव राहिला तर तोच बरेच ग्रॅम असतो. कॅन थंड पडून गॅस यायचा थांबला तर ४० अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा, ज्योत कधीच नको. गॉगल आणि हातमोजे हवेतच. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर इजा कायमची.

गेज लावण्यात विजेचा धोका नाही. नारिंगी केबल किंवा कॉम्प्रेसर काढायचा असेल तेव्हा गोष्ट वेगळी: सर्व्हिस प्लग (बॅटरीची वीज तोडणारा) काढणं, १० मिनिटं थांबणं, १,००० व्होल्टचे हातमोजे घालून मीटरने शून्य बघणं. हे शिकलेल्या माणसाचंच काम आहे.

आणि समजा कॅन आधीच लावून झाला असेल, मग? एसी लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. कॉम्प्रेसर जितका कमी फिरेल तितकं ते तेल कमी पसरेल. कॅनवर काय लिहिलंय याचा फोटो काढा: तेल कोणतं, औषध किंवा रंग आहे का. हायब्रिड येणाऱ्या वर्कशॉपला तो दाखवून गॅस काढून घ्या, आणि कॉम्प्रेसरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) मोजायला सांगा. साधा मल्टिमीटर ही झिरप पकडत नाही. कॅनमध्ये फक्त शुद्ध आर-१३४ए होता आणि नळी नवी होती असं निघालं, तर बरोबर वजनाने पुन्हा भरून काम भागतं.